आधी दोघांचं सांगा

सरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते नांदेडच्या आमच्या कॉलेजात, फिजिक्स विभागाच्या व्हरांड्यात, फरशीवर उकिडवे बसले होते. त्यांच्यापुढं चहाचे बारा ग्लास गोलात मांडलेले होते. काही सुलटे, काही उपडे. कॅन्टीनचे मामा कमरेवर हात ठेवून उभे होते आणि म्हणत होते, "सर, ग्लास देता का? गिऱ्हाईक खोळंबून राहिलंय." सर मान वर न करता म्हणाले, "दोन मिनिटं थांबा मामा, बातमी अजून सातव्यापर्यंत पोचली न्हाई." मी एमएस्सीच्या प्रवेशाला आले होते आणि ऑफिस कुठं आहे एवढंच मला विचारायचं होतं. ते न विचारताच मी मागं फिरले. फाटकाशी वडील उभे होते. त्यांना म्हटलं, इथं एक माणूस वेडा दिसतोय. वडील म्हणाले, "शिकवायला असंल तर वेडा म्हणू नको."

वडील हदगावला पंचायत समितीत शिपाई होते. आजोबा जन्मभर दुसऱ्याच्या रानात राबले आणि त्यांनी वडिलांना दहावीपर्यंत नेलं. आमच्या विहारात रविवारी वंदना झाली की कुणाची पोरं काय शिकतात याची चौकशी व्हायची, आणि ती चौकशी परीक्षेपेक्षा कडक असायची. त्यामुळं घरात एक नियम होता: सरला उलटं बोलायचं न्हाई. शिक्षकाला बोल लावणं म्हणजे तीन पिढ्यांच्या कष्टाला बोल लावणं. हा नियम मी इतका इमानदारीनं पाळला की शेवटी त्यानंच माझा घात केला.

सरांचा विषय होता स्पिनच्या साखळ्या आणि रिंगणं. अणूच्या पोटात एक इवलं चुंबक असतं असं धरा. ते वर तोंड करून बसतं, नाहीतर खाली. अशी चुंबकं एका ओळीत बसवली की झाली साखळी. शेवटच्याचा हात पहिल्याच्या हातात दिला की झालं रिंगण. प्रत्येकाचा संबंध फक्त शेजाऱ्याशी. आता एकाला मध्येच उलटा केला, तर ही बातमी शेजाऱ्याशेजाऱ्यांतून कशी पसरते? आणि पुष्कळ वेळ गेल्यावर आपण सुरुवातीला कसे बसलो होतो हे त्या रिंगणाला आठवतं, की सगळं विसरून जातं? सरांचं उभं आयुष्य या दोन प्रश्नांत गेलं होतं. चहाच्या ग्लासांवर हे फार लांब नेता येत नाही, कारण ग्लास एकतर सुलटा असतो नाहीतर उपडा. ही चुंबकं मात्र एकाच वेळी थोडी वर, थोडी खाली अशी राहू शकतात, आणि तीही शेजाऱ्याच्या तसल्याच अवस्थेत गुंतलेली. म्हणून संगणक लागतो. आणि संगणकाचाही जीव तेवढाच: रिंगणात एक जण वाढला की काम दुप्पट होतं. बारा जणांच्या बसायच्या चार हजारांवर तऱ्हा, सोळा जणांच्या पासष्ट हजारांवर.

एका मुलीनं वर्गात विचारलं, "सर, स्पिन म्हणजे नेमकं काय?"

"ते मला ठाऊक न्हाई," सर म्हणाले. "तो शेजाऱ्याशी कसा वागतो तेवढं ठाऊक हाय. तुमच्या शेजारच्या काकू म्हणजे नेमकं काय, ते तुम्हाला ठाऊक हाय का?"

ते सगळ्यांना अहो-जाहो करत. कालच बारावी झालेल्या पोरालाही तुम्ही, झाडूवाल्या मावशींनाही तुम्ही, आणि मला वाटतं घरी आलेल्या मांजरालाही तुम्ही. रागावले तरी "तुम्ही गाढव आहात" असंच म्हणायचे. ऐकणाऱ्याला धड वाईटही वाटायचं नाही.

'आधी दोघांचं सांगा' हे त्यांचं पालुपद. कुणी सोळा जणांच्या रिंगणाचा गुंता घेऊन आलं की ते डोळे मिटून म्हणायचे, "आधी दोघांचं सांगा." म्हणजे दोनच चुंबकं घ्या, कागदावर हातानं सोडवा, मग तिसरा घ्या. दोघांचं ज्याला धड सांगता येत नाही त्यानं गावाच्या गोष्टी करू नयेत, असं त्यांचं मत होतं. हे फक्त फिजिक्सपुरतं असतं तर एक वेळ ठीक होतं. स्टाफ मीटिंगमध्ये चार विभागांचं हॉलवरून भांडण पेटलं तेव्हाही हे उठून म्हणाले, "आधी दोघांचं सांगा, बाकीचे बाहेर थांबा." प्राचार्यांनी कपाळाला हात लावला. पण बाकीचे खरोखरच बाहेर थांबले आणि भांडण तासाभरात मिटलं. सरांच्या मिसेस जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायच्या. मी एकदा त्यांच्यापुढं या पालुपदाचं कौतुक केलं. त्या शेंगा निवडत होत्या. म्हणाल्या, "तीस वर्षं झाली, आमचं दोघांचंच अजून सुटलं न्हाई. तुम्ही सोळा जण कुठले सोडवता?"

दुसरं खूळ खुर्चीचं. रिंगणात पहिला नंबर कुणाचाच नसतो, कुठूनही मोजायला लागलं तरी चित्र तेच येतं, ही गोष्ट त्यांनी फार मनावर घेतली होती. विभागप्रमुखाच्या खुर्चीवर ते कधी बसले नाहीत. आज या स्टुलावर, उद्या त्या बाकावर. उन्हाळ्यात नांदेड तापतं तेव्हा संगणक बंद पडू नये म्हणून ते दर दोन तासांनी कूलरमध्ये पाणी ओतायचे आणि स्वतः बाहेर झळांमध्ये बसायचे. त्या पाण्याची बादली विभागप्रमुखाच्या खुर्चीवर असायची. एकदा तपासणीला समिती आली. त्यातल्या मोठ्या साहेबांनी विचारलं, विभागप्रमुख कोण? मुलांच्यात स्टुलावर बसलेल्या सरांनी खुर्चीकडं बोट केलं आणि म्हणाले, "जागा ती. सध्या बादली बघून राहिलीय कारभार."

मी त्यांच्याकडंच पीएचडीला राहिले. पर्याय नव्हता असं मी मैत्रिणींना सांगत असे. खरं म्हणजे मला ते आवडायचे. मला कुणी त्याआधी तुम्ही म्हटलं नव्हतं.

नव्या विद्यार्थ्याला सर एक हिरवी पुठ्ठ्याची वही द्यायचे. तिच्यात त्यांनी स्वतः हातानं सोडवलेलं दोघांच्या रिंगणाचं गणित होतं: एक वर, एक खाली असे दोघं बसवले तर किती वेळात ते आपसात जागा बदलतात. ते आपण संगणकावर करून दाखवायचं. सरांच्या उत्तराशी जुळलं की सर 'बरोबर' लिहून सही करत आणि मग तिसऱ्या चुंबकाकडं जायची परवानगी मिळे. ही वही सव्वीस वर्षं चालत आलेली होती. जिच्यातून गेला नाही असा सरांचा एकही विद्यार्थी नव्हता.

माझी पीएचडी चौथ्या वर्षात आली तेव्हाची गोष्ट सांगते. जानेवारी होता. मार्चअखेर माझी फेलोशिप संपणार होती. लातूरच्या एका कॉलेजात सहायक प्राध्यापकाची जागा निघाली होती आणि आठ दिवसांवर मुलाखत होती. माझ्या बाजूनं बोलायला एकच गोष्ट होती, आमचा पेपर. बाहेरच्या एका चांगल्या नियतकालिकानं तो स्वीकारला होता, फक्त एक आकृती वाढवून मागितली होती. पेपरात आम्ही म्हटलं होतं की आमचं बारा जणांचं रिंगण सुरुवातीची मांडणी अपेक्षेपेक्षा फार जास्त वेळ लक्षात ठेवतं. सरांच्या नावावर इतक्या वर्षांत एवढं मोठं काही आलं नव्हतं. स्वीकारल्याची ईमेल त्यांनी कॅन्टीनमध्ये उभं राहून मामांना मराठीत वाचून दाखवली. मामांनी त्या दिवशी ग्लास परत मागितले नाहीत.

आकृती साधी होती. मी नेहमी सहाव्याला उलटा करून सुरुवात करायची, कारण मग चित्र कागदाच्या मधोमध येतं आणि देखणं दिसतं. पेपर तपासणाऱ्या परीक्षकानं लिहिलं होतं, एकदा पहिल्यापासून सुरू करून दाखवा. दहा मिनिटांचं काम. मी पहिल्याला उलटा केला आणि पडद्याकडं पाहत राहिले. रिंगणात पहिल्याच्या एका बाजूला दुसरा असतो आणि दुसऱ्या बाजूला बारावा. बातमी दोघांनाही एकदमच कळायला हवी. दुसऱ्याला कळली. बारावा मात्र ढिम्म. बातमी तिसऱ्याकडून चौथ्याकडं अशी चालत चालत, सगळ्यांना वळसा घालून शेवटी त्याच्यापाशी पोचली. आपल्या शेजारी पहिला बसलाय हे बाराव्याला माहीतच नव्हतं.

प्रोग्राम उघडला. शेवटच्याला पहिल्याशी जोडणारी ओळ होती, पण तिच्यापुढं खूण करून ती बंद केलेली होती. शेजारी माझ्याच अक्षरात, म्हणजे माझ्याच टायपिंगमध्ये, लिहिलेलं: 'सरांच्या उत्तराशी जुळत नाही. तात्पुरतं बंद.'

मग सगळं आठवलं. पहिल्या वर्षी हिरव्या वहीतलं दोघांचं गणित करताना माझे दोघं सरांच्या उत्तरापेक्षा निम्म्या वेळात जागा बदलत होते. चार दिवस मी चूक शोधली. ती ओळ बंद केल्यावर उत्तर बिनचूक जुळलं. मी दाखवलं, सरांनी 'बरोबर' लिहून सही केली, आणि ओळ परत उघडायचं मी विसरून गेले. सहाव्यापासून सुरू केलं की बातमी दोन्हीकडं सारखीच पसरत जाते, म्हणून चित्रावरूनही कधी शंका आली नाही. तीन वर्षं मी जिला रिंगण म्हणत होते ती उघडी साखळी होती.

ओळ उघडून सगळं नव्यानं चालवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर आलं. खरं रिंगण जगातल्या इतर रिंगणांसारखंच मुकाट्यानं सगळं विसरत होतं. पेपरात उरलं शून्य.

मी दोन दिवस हे कुणालाच सांगितलं नाही. एक वाट मला स्पष्ट दिसत होती. पहिल्यापासून केलेली आकृती द्यायची नाही, सातव्यापासून केलेली द्यायची. तीही गोजिरी येते. परीक्षक बहुधा मान डोलावेल, आणि आठवड्यानं मी लातूरला छापलेल्या पेपरासकट मुलाखतीला बसेन. या वाटेचा मी विचार केला नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. मी ती आकृती काढूनसुद्धा ठेवली होती. आणि मला सरांचा राग आला होता, भयंकर राग. कारण आता मला दिसत होतं की पहिल्या वर्षी माझं चुकलंच नव्हतं. वहीतलं उत्तर चुकीचं होतं. सव्वीस वर्षं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी गेले. सर व्हरांड्यात होते आणि ग्लासही होते. मी सगळे ग्लास बाजूला सारले आणि दोनच समोरासमोर ठेवले.

"सर, दोघांचं सांगायचंय."

"बोला," सर खुशीत म्हणाले.

"हे दोघं रिंगणात बसलेत. याच्या उजवीकडं कोण हाय?"

"दुसरा."

"अन् डावीकडं?"

"दुसराच की. दोघंच तर हावत."

"मग हात किती ठिकाणी जोडलेत?"

खिशातला खडू काढून सरांनी फरशीवर दोन ग्लासांमध्ये एक रेघ ओढली. मग पलीकडच्या बाजूनं वळवून दुसरी. दोन्ही रेघा त्यांनी बोटानं मोजल्या.

"मी एकच धरली होती," ते म्हणाले.

"हाव सर. साखळीला ते बरोबर हाय. रिंगणाला न्हाई."

"तुमचं काय आलं होतं?"

"दुप्पट वेगानं."

"बरोबर आलं होतं. मग?"

"मग मी जोडणारी ओळ बंद केली. अन् ती बंदच राहिली सर. पेपरातलं सगळं त्या बंद ओळीवरचं हाय." मला रडू येत होतं, आणि ते येतंय याचाही राग येत होता.

सरांनी पेपराबद्दल एक शब्दही काढला नाही. त्यांनी विचारलं, "कामून बंद केली?"

"तुमचं उत्तर तसं होतं म्हणून."

ते उठले. व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेले आणि परत आले. त्यांच्या चेहऱ्यावर मी तोवर कधी न पाहिलेलं काहीतरी होतं. पेपर गेल्याचं दुःख असं दिसत नाही. आपण कुणाच्या तरी अंगावर नकळत पाय दिला हे समजलेल्या माणसासारखा तो चेहरा होता. जवळ येऊन त्यांनी मला आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं तू म्हटलं.

"माझ्यापायी तू अजून काय काय खोडलंस?"



पेपर मागं घ्यायचं पत्र आम्ही त्याच दिवशी लिहिलं. त्यावरूनही अर्धा तास वाद झाला. सर म्हणत चूक माझी लिहा, मी म्हणे माझी. शेवटी कॅन्टीनचे मामा वैतागून म्हणाले, "दोघांची लिहा अन् मोकळे व्हा." तसंच लिहिलं.

पुढचे चार दिवस सरांनी जे केलं ते फक्त सरच करू जाणोत. जुनी हजेरीपत्रकं काढून त्यांनी सव्वीस वर्षांच्या विद्यार्थ्यांचे फोन नंबर मिळवायला सुरुवात केली. देगलूरला बँकेत मॅनेजर असलेला, किनवटला फौजदार असलेला, उदगीरला लग्न होऊन गेलेली, कुणालाच सोडलं नाही. फोन लागला की नमस्कार-चमत्कार न करता ते सांगत, "हिरव्या वहीतलं दोघांचं रिंगण आठवतं का? ते उत्तर चुकीचं हाय. वेग दुप्पट धरा." फौजदारांना काही आठवेना, तर सरांनी त्यांना फोनवरच सगळं गणित घातलं आणि ते बिचारे बंदोबस्तात उभे राहून "हाव सर, हाव सर" करत राहिले. लोह्याला बी-बियाणांचं दुकान असलेले एक जण तर घाबरले. सर भ्रमिष्ट झाले असं समजून ते मोटारसायकलवर मोसंब्यांची पिशवी घेऊन संध्याकाळपर्यंत नांदेडला हजर झाले. त्यांना फरशीवर बसवून, दोन ग्लास मांडून, हात मोजायला लावूनच सरांनी मोसंबी घेतली.

मी त्यांना म्हटलं, सर, दुकानदाराला याचा काय उपयोग? सर म्हणाले, "त्यांना न्हाई, मला हाय. त्यांच्यातही कुणाचं बरोबर आलं असंल अन् त्यांनी खोडलं असंल."

लातूरची मुलाखत झाली. मी सांगितलं की पेपर आम्हीच मागं घेतला. समितीतले एक जण म्हणाले, "कशाला घेतला? कोणाच्या लक्षात आलं असतं?" मी म्हटलं, "माझ्या आलं होतं." हे ऐकायला बाणेदार वाटतं, पण म्हणताना माझा आवाज चिरका झाला होता. निवड दुसऱ्याच कुणाची झाली.

हदगावला जाऊन वडिलांना सगळं सांगणं मला मुलाखतीपेक्षा जड गेलं. नोकरी नाही, फेलोशिप संपत आलेली, आणि घरचा नियम मोडलेला. वडील ओसरीत बसून ऐकत होते. शेवटी त्यांनी एवढंच विचारलं, "तू सरला तोंडावर सांगितलंस, तुमचं चुकलं म्हणून?"

"हाव."

"अन् सर काय म्हणले?"

"बरोबर हाय म्हणले."

वडील उठून आत गेले. मला वाटलं नाराज झाले. पण रविवारी वंदनेनंतर चौकशीला सुरुवात झाली तेव्हा कुणी विचारायच्या आधीच ते उठून म्हणाले, "आमच्या पोरीनं सरची चूक काढली, अन् सरनं ती मानली." नोकरी लागल्याची खबरही त्यांनी एवढ्या ताठ मानेनं सांगितली नसती. बायका माझ्याकडं वळून बघत होत्या. मला लाजही वाटली आणि फार बरंही वाटलं.

'अजून काय काय खोडलंस' या सरांच्या प्रश्नाचं उत्तर मला पुढच्या महिनाभरात सापडलं. मी जुन्या फाइली धुंडाळल्या. सरांपायी खोडलेल्या तीन गोष्टी निघाल्या. दोन किरकोळ होत्या. तिसरी म्हणजे विषम रिंगणं. एक वर, एक खाली, असं आळीपाळीनं बसवायचं म्हटलं तर सात किंवा नऊ जणांत ते जमतच नाही. कुठंतरी दोन शेजारी सारख्याच तोंडाचे येतात. सर म्हणायचे, "विषम नको. एक जण कायम उपरा राहतो, सगळं बिघडवतो." पहिल्या वर्षी मी गंमत म्हणून सात, नऊ आणि अकराची रिंगणं चालवली होती आणि सर काय म्हणतील म्हणून निकाल पुसून टाकले होते. मी हे त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "करा परत. अन् मी काय म्हणतो तिकडं ध्यान देऊ नका."

ध्यान न देणं सोपं नव्हतं, कारण ते म्हणायचं काही थांबवत नव्हते. पण केलं. त्या रिंगणात उपरा एका जागी बसतच नाही. ती अडचणीची जागा रिंगणभर फिरत राहते, एकाच वेळी अनेक ठिकाणी थोडी थोडी, आणि फिरता फिरता सगळ्यांना सुरुवातीची मांडणी विसरायला लावते. किती लवकर, हे रिंगणाच्या आकारावरून आधीच सांगता येतं. ते आम्ही सांगून दाखवलं. फेलोशिपशिवायचे चौदा महिने मी हदगावला शिकवण्या घेऊन काढले, पण प्रबंध या विषम रिंगणांवरच झाला. पेपरही छापून आला. त्यात पहिली आकृती तिघांच्या रिंगणाची आहे. ती सरांनी हातानं सोडवली, मी तपासली, आणि त्यांच्या कागदाखाली 'बरोबर' लिहून सही मी केली.

दुसऱ्या वर्षी लातूरच्या दुसऱ्या एका कॉलेजात मला नोकरी लागली. सर आता निवृत्त आहेत. दर गुरुवारी सकाळच्या एसटीनं लोहा, अहमदपूर करत ते लातूरला येतात. माझ्या विभागात येऊन ज्या स्टुलावर ऊन नसेल त्यावर बसतात आणि माझ्या विद्यार्थ्यांना तुम्ही गाढव आहात म्हणतात. मागच्या गुरुवारी मी त्यांना पंधरा जणांच्या रिंगणाचा नवा निकाल दाखवला. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला.

"हे चुकलंय," ते म्हणाले. "इतक्या लवकर न्हाई विसरायचं ते."

"कुठं चुकलंय, सर?"

"ते बघावं लागंल. पण चुकलंय."

त्यांनी तिघांचं मांडलं, पाच जणांचं मांडलं, चहा दोनदा गार झाला. मीही माझा प्रोग्राम ओळीओळीनं परत वाचला. साडेचारपर्यंत चूक काही सापडली नाही आणि त्यांची गाडी पाचची होती. मी त्यांना स्टँडवर सोडायला गेले. ते खिडकीशी बसले, तेव्हाही कपाळावर आठ्या होत्याच.

"सर, मी तो निकाल आहे तसाच ठेवणार हाय," मी खालून म्हणाले.

"मी चुकलंय म्हणून राहिलो तरी?"

"दाखवलंत तर बदलीन. नुसतं म्हणलात म्हणून न्हाई."

कंडक्टरनं घंटी दिली. सरांच्या आठ्या एकदम गेल्या. खिडकीच्या गजावर हात ठेवून, एखादं मोठं ओझं उतरवल्यासारखे ते सैल होऊन बसले.

"लई उपकार झाले तुमचे," ते म्हणाले. "आता मला निवांत चुकता येईल."